वीस किलो, थ्रू

"मनमाडला तोललं का न्हाई? ही बघा पावती! मग आता परत काट्यावर कशापायी? वाटंत काय दळण दळत आलो का काय, वजन वाढायला?"

हा आवाज भांडगावच्या एका आप्पांचा. गावाच्या नावातच भांडण, त्यात आप्पा आडमाप उंचीचे. दौंड जंक्शनच्या लगेज ऑफिसात माझ्या टेबलावर त्यांनी दोन्ही मुठी अशा आपटल्या की शाईची दौत हवेत उडाली, परत खाली येऊन सरळ उभी राहिली, आणि तो दणका ऐकून समोरच्या फलाटावरच्या गार्डानं झेंडी दाखवून गाडी सोडून दिली. गाडीचं मी शपथेवर सांगणार नाही. दौतीचं सांगतो.

काट्यावर एक जातं होतं. मनमाडकडच्या बहिणीच्या गावात पिठाची गिरणी आली, तिला जातं नकोसं झालं, म्हणून आप्पा ते माहेरी परत घेऊन निघाले होते. जातं एवढं की त्यात बसून दोन माणसांनी जेवावं.

"आप्पा," मी म्हणालो, म्हणजे ओरडलोच, कारण लगेज ऑफिसात हळू बोललेलं इंजिनाच्या धुरात विरून जातं, "मनमाड ते दौंड तुमचं एक तिकीट. दौंड ते केडगाव दुसरं. दोन तिकिटं म्हंजी दोन माणसं!"

आप्पांनी स्वतःकडे पायापासून पोटापर्यंत बघून घेतलं. "दोन?"

"रेल्वेच्या लेखी दोन."

"मंग असं करा बाबू. एका माणसाला जात्यासंगट हितं बसवून घ्या, आन् दुसऱ्याला घरी सोडा. म्हशीची धार काढायची हाय."

माझी नोकरी म्हणजे हेच भांडण. माणसं बदलायची, गठुडी बदलायची, भांडण तेच. सत्तरचं सगळं दशक मी त्या काट्याच्या मागं बसून काढलं. थर्ड क्लासचं नाव बदलून सेकंड झालं तेव्हा मी तिथंच होतो. बाकडी तीच राहिली आणि ढेकूणही तेच, फक्त त्यांची बढती झाली.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावून सांगायचं तर असं. तिकिटाबरोबर ठरावीक किलो सामान फुकट नेता येतं. त्यावर गेलं की ते तोलून, पावती फाडून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाच्या डब्यात टाकायचं. आता एखादा माणूस मनमाडहून सोलापूरला एकाच तिकिटावर निघाला, तर त्याचं सामान मनमाडला एकदा तोललं की विषय मिटला. त्यावर लेबल चिकटतं, लेबलावर लाल पेन्सिलनं 'थ्रू' लिहिलं जातं, आणि दौंडाला आमचे हमाल ते या गाडीतून काढून त्या गाडीत टाकतात. मालकानं खुशाल भजी खात बसावं. पण तोच माणूस दौंडापर्यंत एक तिकीट काढून आला, आणि दौंडाच्या खिडकीवर उभा राहून त्यानं पुढचं दुसरं काढलं, की तो मेला. मेला म्हणजे कागदोपत्री. त्याचा प्रवास दौंडाला संपला. पुढच्या गाडीत चढतो तो नवाच माणूस, त्याचं सामान नवं, वजनही नवं.

लोक दोन तिकिटं काढायचे तरी का? कारण लहान स्टेशनावर छापील पुठ्ठ्याची तिकिटं ठरलेल्या गावांचीच असत. लांबचं गाव सांगितलं की बाबूला कागदावर हातानं तिकीट लिहून द्यावं लागे, आणि हातानं लिहायचं म्हटलं की आमच्या खात्यातल्या भल्याभल्यांचा हात दुखू लागे. मग ते खिडकीतून सांगत, "दौंडापर्यंत घ्या, पुढचं तिथं बघा." या 'पुढचं तिथं बघा'मधलं 'तिथं' म्हणजे मी. त्यामुळं माझ्यासमोर कोणी बोचकं आणून ठेवलं की तोंडातून पहिला प्रश्न आपसूक निघायचा, "तिकिटं किती?" नाव-गाव, राम-राम, सगळं नंतर. मला ताप भरला होता तेव्हा मी डॉक्टरलाही तेच विचारलं असं आमचे हमाल महादू मामा सांगत. मामांच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं. माझ्या सांगण्यातलं किती सोडायचं ते वाचकांनी ठरवावं.

तळेगाव ढमढेऱ्याचे एक किराणा दुकानदार महिन्यातून एकदा सोलापूरकडे जात. गावाहून एसटीनं दौंडाला यायचं, इथून रेल्वे. त्यांचा नेहमीचा मुद्दा असा की एसटीत कंडक्टर काही बोलला नाही, मग तुम्ही कोण बोलणारे? मी सांगायचो की एसटी वेगळी आणि रेल्वे वेगळी, तिचं तिकीट वेगळं, हिचं वेगळं. शेवटी त्यांनी ठरवलं की माझा काटाच खोटा आहे. पुढच्या खेपेला ते दुकानातली लोखंडी वजनं पिशवीत भरून घेऊन आले. माझ्या काट्यावर एकेक ठेवून बघितलं. काटा चोख. मग त्यांचं सामान तोललं, तर ते बरोब्बर हद्दीवर, एक गुंजही जास्त नाही. शेट खुशीत आले. वजनं पिशवीत भरून गाडीकडे निघाले तसा मी त्यांना थांबवला. म्हटलं, ही पिशवीही सामानच की. ती धरून आता वजन जास्त होतंय.

शेट लालबुंद झाले. "ही वजनं सामान न्हाईत!"

"मग काय आहेत?"

"साक्षीदार!"

"साक्षीदारांची तिकिटं दाखवा," मी म्हणालो. सारा फलाट हसला. शेटही हसले, मला चहा पाजला, आणि सोलापूरच्या गाडीत बसून निघून गेले.

निघून जाण्याचंच सांगायचं होतं खरं म्हणजे. जंक्शनचं स्टेशन हे एक अजब ठिकाण. दिवसाला हजारो माणसं उतरत, पण दौंडाला कोणी येत नसे. सगळे दौंडावरून जात. ज्यांच्याशी मी घसा फोडून भांडलो, ज्यांनी मला चहा पाजला, ज्यांच्या घरातल्या लग्नांची, दुखण्यांची, वाटण्यांची माहिती मला त्यांच्या गठुड्यांवरून कळली, ते अर्ध्या-पाऊण तासात खिडकीतून हात बाहेर काढून गेलेले असत. मी मूळचा शिरूरचा, म्हणजे जिथं रेल्वे नाही तिथला रेल्वेवाला. बायको लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेली. मूल नव्हतं. रुळांच्या कडेला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. ड्युटी संपवून आलो की कुलूप काढायच्या आधी मी खोकायचो. घरात बाईमाणूस असलं की पुरुष दारात खोकतो ना, तसं. सवय राहून गेली होती. मग कुलूप काढायचो, आणि आत जाऊन गप्प बसायचो. लोक म्हणत, वाघमारे फार ओरडतो. ओरडणारच. माझं दिवसभराचं सगळं बोलणं त्या काट्यापाशीच व्हायचं.

अशा काळात एस्तेर साळवे आली.

आखाताकडं जाण्याचं वारं तेव्हा नुकतंच सुटलं होतं. एस्तेर शिरूरच्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. वय तिशीचं. तिचे वडील साळवे मास्तर मिशनच्या शाळेत शिकवत आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवत. ते वारले, आणि त्याच वर्षी तिला आखातातल्या एका दवाखान्याचं बोलावणं आलं. गावाचं नाव मला आजही नीट म्हणता येत नाही. सगळीकडे वाळू, मराठी बोलणारं कोणी नाही, एवढं तिला कळवलं होतं. ती जायला तयार होती. तिची अट एकच होती, तीही स्वतःशीच. वडिलांची पेटी बरोबर न्यायची.

एका रविवारी चर्च आटोपून ती दुपारच्या एसटीनं दौंडाला आली. महादू मामांनी एक पत्र्याची ट्रंक आणि एक लाकडी खोकं माझ्या काट्यापाशी आणून ठेवलं.

"सलाम, भाऊसाहेब," ती म्हणाली.

"जय भीम, सिस्टर. बोला."

"मला कुठं जायचं नाही आज. नुसतं वजन करून हवंय. विमानात वीस किलो नेऊ देतात. आमच्या दवाखान्यात काटा आहे, पण तो माणसांचा. ट्रंक हातात घेऊन उभी राहिले आणि नंतर माझं वजन वजा केलं, तर दर खेपेला ट्रंकेचं वजन निराळं."

"तुम्ही उपास धरत असाल मधूनमधून," मी म्हणालो.

ती हसली. मी नियमानं तिला हाकलायला हवं होतं. सरकारी काटा काही गावाच्या सोयीसाठी नव्हता. मी मामांना म्हणालो, "चढवा."

एकतीस किलो भरलं.

ती नुसती काट्याकडे बघत राहिली. खोक्यात पेटी होती. ट्रंकेत साड्या, बूट, वडिलांचा कोट, नर्सिंगची जाड पुस्तकं, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, आईनं शिवलेली गोधडी. "अकरा किलो," ती म्हणाली. "मग पेटी राहिली."

"पेटी कशी राहील?" मी ओरडलो. "अहो, मी हत्तीचं पिल्लू पासावर पाठवलेला माणूस! अकरा किलो काय घेऊन बसलात?" हत्ती सर्कशीचा होता आणि पिल्लू नव्हतं, पण ते असो.

पुढचे तीन रविवार ती येत राहिली. पहिल्यांदा मी ट्रंकच बाद केली. पत्र्याचंच वजन सहा किलो, ते कशाला मिरवायचं? मामांनी ताडपत्रीची एक धोकटी शिवून आणली. मग खोकं बाद झालं. पेटी गोधडीत गुंडाळली, म्हणजे गोधडी ही गोधडीची गोधडी आणि खोक्याचं खोकं झाली. या शोधाबद्दल मला अजून कोणी पदक दिलेलं नाही. पुस्तकं गेली. चटणीचा डबा माझ्या क्वार्टरात गेला. दुसऱ्या रविवारी तेवीस भरले. तिसऱ्या रविवारी आम्ही पेटीचा तळ खोलला. आत साळवे मास्तरांच्या हातावरची खडूची भुकटी वर्षानुवर्षं झिरपत बसलेली. मामांनी फुंकर मारली तशी अशी उडाली की फलाटावर धुकं पसरलं आणि पुण्याकडून येणारी गाडी बाहेर सिग्नलला थांबली. एस्तेर मात्र हसली नाही. तळहातावर चिमूटभर भुकटी घेऊन ती तशीच उभी होती. मी काट्याची काच पुसत बसलो.

मामांनी एकदा विचारलं, "सिस्टर, वाजवून तरी दावा."

तिनं काट्यावरच, उभ्यानं, डाव्या हातानं भाता हलवून चार ओळी वाजवल्या. चर्चमधलं गीत होतं. मला त्यातलं काही येत नव्हतं. तिकीट तपासनीस, भजीवाला, वाफ सोडायला थांबलेला इंजिनाचा फायरमन, सगळे येऊन उभे राहिले. वाजवून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा गेले तेव्हापासून रोज झोपायच्या आधी एक वाजवते. नाहीतर घर फार मोठं वाटतं."

मला घर मोठं वाटणं म्हणजे काय ते माहीत होतं. माझं दोन खोल्यांचं होतं तरी.

लोकांनी कुजबुज केली. नर्सबाई दर रविवारी वाघमारेच्या काट्यावर कशाला? किलोंच्या बाबतीत मी आयुष्यभर थापा मारल्या, पण या बाबतीत एक शब्द जास्त नाही की कमी नाही. ती वजन करायला यायची. मी वजन करून द्यायचो. शनिवारी मी दाढी करू लागलो होतो, आणि कुलूप काढताना खोकायचं विसरू लागलो होतो. त्यापलीकडं काही नाही.

चौथ्या रविवारी काटा वीसवर येऊन उभा राहिला. हलला नाही, थरथरला नाही. महादू मामांनी काट्याला हात जोडले.

"विमान मधे बदलायचं आहे," एस्तेर म्हणाली. ती धोकटीची दोरी बांधत होती. "पहिलं एका कंपनीचं, पुढचं दुसऱ्या. तिथं सामानाचं काय करायचं असतं?"

"काही करायचं नसतं!" मी छाती पुढे काढून म्हणालो. "अहो, मनमाडहून आलेलं सामान दौंडाला बदलतं, सोलापूरला पोचतं. मालकाला पत्ता नसतो. एकदा तोललं की तोललं. तुम्ही नुसतं उतरायचं आणि चढायचं." आणि मी आमचं रेल्वेचं लेबल घेतलं, त्यावर तिचं नाव आणि ते वाळूतलं गाव तिच्याकडून अक्षर-अक्षर विचारून लिहिलं, आणि लाल पेन्सिलनं वर ठळक मारलं: थ्रू. मराठीत लिहिलं, इंग्रजीतही लिहिलं. डिंकानं धोकटीवर चिकटवलं.

तिकिटांचं खाकी पाकीट माझ्या टेबलावर, माझ्या कोपराशी पडलं होतं. ते मी उघडलं नाही. भांडगावच्या आप्पांपासून तळेगावच्या शेटपर्यंत प्रत्येकाला मी जो पहिला प्रश्न विचारला, तो त्या चार रविवारांत एकदाही विचारला नाही. का नाही विचारला? विचारला असता तर विमानाच्या तिकिटातलं मला काही कळत नाही हे तिला कळलं असतं. आणि मी त्या वेळी फार आनंदात होतो. माणूस आनंदात असला की त्याला नियम आठवत नाहीत, आणि माझ्याजवळ तर नियमांखेरीज दुसरं काही नव्हतंच.

ती त्याच दुपारच्या गाडीनं मुंबईला गेली. शिरूरहून आई आली होती, ती रडली. मी धोकटी स्वतः उचलून डब्यात ठेवली. एस्तेर खिडकीतून म्हणाली, "सलाम, भाऊसाहेब. पत्र पाठवीन." पत्र आलं नाही. मी धरून चाललो की कामात असेल. चटणीचा डबा संपला. रविवार परत दुसऱ्या दिवसांसारखे झाले, आणि कुलूप काढताना मी परत खोकू लागलो.

बढाया मात्र थांबल्या नाहीत. दोन वर्षं मी दौंडाच्या कँटीनमध्ये ही गोष्ट सांगितली आणि दर खेपेला ती वाढत गेली. पहिल्यांदा मुंबईच्या विमानतळावरच्या काट्यानं वीस दाखवले, एवढंच होतं. मग तिथल्या साहेबानं विचारलं की हे वजन केलं कोणी. पुढं साहेबानं आपला काटा दुरुस्तीला दौंडाला पाठवला. शेवटी शेवटी तर आखातातला एक शेख माझ्या काट्याला मागणी घालत होता. लोक म्हणत, वाघमारे, सिस्टरला येऊ द्या, तिलाच विचारू.

ती आली. दोन वर्षांनी, सुट्टीवर. दुपारची वेळ होती. मुंबईच्या गाडीतून उतरून ती शिरूरची एसटी पकडायला निघाली होती. हातात एक छोटी बॅग, बाकी काही नाही. वाळली होती. मामांनी तिला आधी पाहिलं.

"सिस्टर!" मी काउंटरमागूनच गर्जना केली. फलाटावरचे सगळे वळले. "या, या! ह्या लोकांना सांगा एकदा. तिकडच्या काट्यावर किती भरलं?"

"सलाम, भाऊसाहेब," ती म्हणाली. "वीस. मुंबईला बरोब्बर वीस."

"ऐकलं का मामा? ऐकलं का रे सगळ्यांनी?"

"मधे उतरले तिथंही वीसच भरलं."

"तिथं कशाला तोललं?"

"पुढचं विमान दुसऱ्या कंपनीचं होतं. लहानसं, पंख्याचं. त्यात दहा किलो नेऊ देतात."

"पण ते थ्रू होतं!" मी म्हणालो. "लेबल होतं ना वर!"

"लेबल दाखवलं मी. तिथल्या काट्यावरच्या माणसानं दोन्ही बाजूंनी बघितलं." तिनं बॅग खाली ठेवली. "तिकिटं दोन होती, भाऊसाहेब. एक मुंबईच्या एजंटानं काढलेलं, दुसरं तिकडच्या दवाखान्यानं पाठवलेलं. तो म्हणाला, दोन तिकिटं म्हणजे दोन प्रवास. अगदी तुमच्यासारखा ओरडला."

कोणी हसलं नाही. मामा काट्याची साखळी हातात घेऊन चाळवत उभे होते.

ती सांगत गेली, सरळ, रुग्णाच्या तक्त्यावरून वाचून दाखवावं तसं. विमान सुटायला पाव तास होता. जास्तीचे पैसे भरायला तिच्याजवळ तिथले पैसे नव्हते. तिनं धोकटी तिथल्या फरशीवर सोडली. नुसती पेटी काट्यावर ठेवली, ती साडेनऊ किलो भरली. मग उरलेल्यात एक कपड्यांचा जोड. अंगावरच्या साडीवर तिनं दुसरी साडी नेसली. बाकी साड्या, बूट, वडिलांचा कोट, आणि आईची गोधडी तिथल्या एका बाकड्यावर घडी करून ठेवून ती निघाली. गोधडी हातात धरून नेऊ द्या म्हणून तिनं विनंती केली होती. त्यानं गोधडी काट्यावर टाकली आणि नाही म्हणून मान हलवली.

"आईला सांगू नका," ती म्हणाली. "तिला वाटतं मी रोज तीच पांघरते."

मी टेबलावरची लाल पेन्सिल उचलून खणात टाकली.  मग म्हणालो, "सिस्टर, पाकीट माझ्या टेबलावर होतं. मी उघडून बघायला पाहिजे होतं. मी रोज सगळ्यांना विचारतो."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही विचारलं नाही म्हणजे विचारायची गरज नसेल."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी त्या काट्यामागं बसलो. "तिकिटं किती?" हा प्रश्न मी सगळ्यांना विचारला, हमालांना, साहेबांना, साहेबांच्या बायकांना, पण ओरडून विचारला नाही. लोक म्हणू लागले, वाघमारेचा आवाज बसला. कँटीनमधली शेखाची गोष्ट मी परत सांगितली नाही. कोणी काढलीच तर मी चहा घेऊन बाहेर जायचो.

पण त्या दुपारी अजून एक गोष्ट विचारायची राहिली होती. शिरूरच्या एसटीची वेळ झाली होती, मामांनी तिची बॅग उचलली होती. मला निदान काहीतरी जागेवर पोचलंय असं ऐकायचं होतं. मी काउंटरला वळसा घालून तिच्यामागं फाटकापर्यंत गेलो.

"पण पेटी तर नेलीत ना," मी म्हणालो. "सगळं सोडलंत, पेटी नेलीत. वाजवता ना रोज?"

"नाही," ती म्हणाली. "तिथं हॉस्टेलात वाजवायला बंदी आहे."